निकाल दहा वाजून दहा मिनिटांनी आला

२४ जून २०२२ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनादत्त हक्क रद्द केला. १९७३च्या 'रो विरुद्ध वेड' निकालाने दिलेला हा हक्क ४९ वर्षं टिकला होता. तो एका सकाळी गेला हे खरं, पण ती सकाळ लांबून येताना सगळ्यांना दिसत होती. काही राज्यांनी बंदीचे कायदे आधीच करून ठेवले होते, निकालाची वाट बघत. काही राज्यांनी त्याच काळात उलट दिशेने धावपळ केली. या घटनाक्रमात मला महत्त्वाची वाटते ती ही दुसरी धावपळ. सरकार बायकांच्या बाजूने उभं राहायचं ठरवतं तेव्हा त्याच्या हातात नेमकं काय असतं, ते किती वेळात करता येतं आणि कुठे अपुरं पडतं, हे तासांच्या हिशेबात पाहिल्याशिवाय नीट कळत नाही.

३१ ऑगस्ट २०२१, रात्र. फोर्ट वर्थ, टेक्सास (२९७ दिवस आधी)

दहा वाजून गेले तरी 'होल वूमन्स हेल्थ' क्लिनिकची बाहेरची खोली भरलेली होती. मध्यरात्री टेक्सासचा नवा कायदा, सिनेट बिल ८, लागू होणार होता. सोनोग्राफीत हृदयाची हालचाल दिसली की गर्भपात बंद. ही हालचाल साधारण सहाव्या आठवड्यात दिसते. सहावा आठवडा म्हणजे पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस. ज्यांची पाळी मुळात मागेपुढे होते त्यांना तोवर दिवस गेल्याची शंकाही आलेली नसते.

बाहेर विरोधकांनी पार्किंगवर प्रखर दिव्यांचे झोत टाकले होते. आत डॉक्टर आणि नर्स एकेक पेशंट घेत होत्या. फाइल, तपासणी, प्रक्रिया, विश्रांतीची खुर्ची, पुढचं नाव. शेवटच्या बाईचं काम आटोपलं तेव्हा बारा वाजायला चार मिनिटं होती.

या कायद्याची अंमलबजावणी सरकार करणार नव्हतं. कोणीही सामान्य नागरिक गर्भपात करणाऱ्यावर किंवा त्यात मदत करणाऱ्यावर दिवाणी दावा लावू शकत होता आणि जिंकला तर त्याला किमान १० हजार डॉलर मिळणार होते. स्थगितीचा तातडीचा अर्ज वॉशिंग्टनमध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर होता. बारा वाजले, न्यायालयाकडून काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा पाच विरुद्ध चार मतांनी स्थगिती नाकारली गेली. 'रो' कागदावर अजून जिवंत होता आणि देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या राज्यात तो लागू नव्हता.

१ डिसेंबर २०२१. वॉशिंग्टन (२०५ दिवस आधी)

मिसिसिपीने २०१८ साली पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी घातली. तिच्याविरुद्ध कोर्टात गेलं ते राज्यात उरलेलं एकुलतं एक क्लिनिक, जॅक्सन शहरातलं. गुलाबी रंगाची इमारत, म्हणून लोक त्याला 'पिंक हाउस' म्हणत. खटल्याला नाव लागलं थॉमस डॉब्स यांचं. ते राज्याचे आरोग्य अधिकारी होते, त्या खुर्चीमुळे कागदावर प्रतिवादी झाले. कायदा करण्यात त्यांचा काही हात नव्हता.

त्या दिवशीची सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी ऐकून दोन्ही बाजूंच्या वकिलांनी निकालाचा अंदाज बांधला. तेरा राज्यांत 'ट्रिगर कायदे' तयार होते. रो पडला की आपोआप, किंवा एखाद्या अधिकाऱ्याच्या सहीनिशी, बंदी सुरू. इतर काही राज्यांत रोच्या आधीचे, कुणी रद्द करायची तसदी न घेतलेले जुने कायदे तसेच पुस्तकात पडून होते. विस्कॉन्सिनचा १८४९चा होता. राज्य स्थापन होऊन एक वर्ष झालं होतं आणि बायकांना मत नव्हतं, त्या काळातला.

जानेवारी ते एप्रिल २०२२. पाच-सहा राजधान्या

न्यू जर्सीने सर्वांत आधी हालचाल केली. १३ जानेवारीला गव्हर्नर फिल मर्फी यांनी गर्भपाताचा हक्क राज्याच्या कायद्यात लिहिणाऱ्या विधेयकावर सही केली. (अमेरिकेतला गव्हर्नर निवडून येतो, आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो. अधिकारांच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा.) मार्चमध्ये वॉशिंग्टन राज्य, ४ एप्रिलला कोलोराडो. ऑरेगॉनने दीड कोटी डॉलरचा निधी बाजूला काढला, कारण शेजारच्या आयडाहोतून बायका येणार हे उघड होतं.

मेरीलँडची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी. तिथल्या विधिमंडळाने ओळखलं की नुसता हक्क लिहून काही होत नाही, काम करणारे हात लागतात. म्हणून त्यांनी प्रशिक्षित नर्स, सुईणी आणि डॉक्टरांचे सहायक यांनाही गर्भपात करण्याची परवानगी दिली आणि प्रशिक्षणासाठी दरवर्षी ३५ लाख डॉलर ठेवले. गव्हर्नर लॅरी होगन यांनी नकाराधिकार वापरला. विधिमंडळाने ९ एप्रिलला तो मोडीत काढून कायदा केला. होगन यांनी पैसे मात्र लवकर सोडायला नकार दिला. ते मोकळे झाले जानेवारी २०२३मध्ये, नवे गव्हर्नर वेस मूर आल्यावर. गर्दी सर्वांत जास्त होती ते सहा महिने त्यात गेले.

आणि कनेक्टिकट. या छोट्या राज्याने केलेलं काम पुढे सगळ्यांनी उचललं. तिथल्या आमदारांनी प्रश्न विचारला की टेक्सासची बाई आमच्याकडे आली, आमच्या डॉक्टरने आमच्या कायद्याप्रमाणे तिच्यावर उपचार केले आणि मग टेक्सासने आमच्या डॉक्टरवर खटला भरला तर?

मराठी वाचकाला हा पेच चटकन लक्षात येणार नाही, कारण आपल्याकडे १९७१चा गर्भपाताचा कायदा संसदेने केलेला आहे. (त्या कायद्याचा पाया घालणाऱ्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा होते.) तो कोल्हापुरात एक आणि बेळगावात दुसरा असा नसतो. समजा, तसा असता. कोल्हापुरात जे रीतसर उपचार, ते बेळगावात दहा वर्षांच्या तुरुंगवासाचं कलम. मग बेळगावची बाई कोल्हापूरला येऊन उपचार घेऊन गेल्यावर बेळगावचे पोलीस कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंच्या दारात येऊ शकतात का? कोल्हापूरच्या दवाखान्याने तिची फाइल त्यांना द्यायची का?

कनेक्टिकटने याचं उत्तर कायद्यात लिहिलं. आमच्या सरकारी यंत्रणा अशा तपासाला मदत करणार नाहीत. आमचे दवाखाने पेशंटच्या संमतीशिवाय नोंदी देणार नाहीत. दुसऱ्या राज्यात कोणी टेक्साससारखा दावा लावून पैसे वसूल केले, तर आमच्या कोर्टात उलट दावा लावून ते परत मिळवता येतील. सर्वांत हुशारीचा भाग आरोपी सोपवण्याबद्दलचा होता. अमेरिकेची घटना सांगते की एका राज्यात गुन्हा करून दुसऱ्या राज्यात पळालेला आरोपी परत द्यावाच लागतो. पण जो त्या राज्यात कधी गेलाच नाही, तो पळाला कसा म्हणता येईल? त्याला सोपवायचं की नाही हे राज्य स्वतः ठरवू शकतं, आणि कनेक्टिकटने 'नाही' असं ठरवलं. गव्हर्नर नेड लॅमॉन्ट यांनी मेच्या सुरुवातीला सही केली. अंमल १ जुलैपासून. या जातीच्या कायद्यांना पुढे 'शील्ड लॉ' म्हणू लागले, आपण कवच कायदे म्हणू.

२ मे २०२२, रात्री साडेआठच्या सुमारास (५३ दिवस आधी)

'पोलिटिको' या वृत्तसंकेतस्थळाने न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांच्या, रो रद्द करणाऱ्या निकालाचा ९८ पानी मसुदा छापला. असं कधी घडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी मसुदा खरा असल्याचं मान्य केलं. न्यायालयाच्या इमारतीभोवती चढता येणार नाही असं उंच कुंपण उभं राहिलं.

यानंतर 'आम्हाला कल्पना नव्हती' असं म्हणायला कोणत्याही सरकारला जागा उरली नाही. ५३ दिवस हातात होते. कोणी त्यांचं काय केलं?

न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकल यांनी आठवडाभरात क्लिनिकांसाठी आणि त्यांच्या सुरक्षेसाठी साडेतीन कोटी डॉलर जाहीर केले आणि १३ जूनला सहा कायद्यांवर एकदम सह्या केल्या. कॅलिफोर्नियाने अर्थसंकल्पात साडेबारा कोटी डॉलरची तरतूद मांडली. मिशिगनच्या गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर तर मसुदा फुटण्याच्याही आधी, ७ एप्रिललाच, कोर्टात गेल्या होत्या. त्यांच्या राज्यात १९३१चा बंदीचा कायदा झोपून होता आणि विधिमंडळ तो रद्द करणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. क्लिनिक चालवणाऱ्यांनी केलेल्या दुसऱ्या खटल्यात १७ मे रोजी न्यायाधीश एलिझाबेथ ग्लायकर यांनी त्या कायद्याला स्थगिती दिली. तेव्हा ही फार मोठी बातमी नव्हती. २४ जूनला तिची किंमत कळली.

उलट बाजूही स्वस्थ नव्हती. ओक्लाहोमाने निकालाची वाट न बघता २५ मेला जवळपास संपूर्ण बंदी आणली, लगेच लागू.

विस्कॉन्सिनचे गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी १८४९चा कायदा रद्द करण्यासाठी २२ जूनला विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं. बहुमत विरोधी पक्षाचं होतं. हातोडा आपटून अधिवेशन सुरू झालं आणि काही सेकंदांत, चर्चेविना, संपलं. गव्हर्नर बायकांच्या बाजूचा असून भागत नाही, सभागृहात माणसं असावी लागतात.

२३ जून, सकाळ. वॉशिंग्टन (२४ तास आधी)

न्यायालयाने त्या दिवशी बंदुकांबद्दलचा निकाल दिला. सार्वजनिक ठिकाणी छुपं शस्त्र बाळगण्याच्या परवान्याला योग्य कारण दाखवावं लागेल, हा न्यूयॉर्कचा शतकभर जुना नियम रद्द झाला. बंदुकांबाबत राज्यांना इतकी मोकळीक देता येणार नाही, असं गुरुवारी सांगणारं न्यायालय शुक्रवारी गर्भाशयाबाबत ती देणार होतं.

२४ जून, सकाळी १०:००. वॉशिंग्टन (१० मिनिटं आधी)

कोविडपासून न्यायमूर्ती निकाल न्यायासनावरून वाचून दाखवत नव्हते. ठरल्या वेळी निकालपत्र संकेतस्थळावर चढवलं जाई. त्या शुक्रवारी पहिला निकाल आला 'मेडिकेअर' या सरकारी आरोग्य विम्यातून रुग्णालयांना मिळणाऱ्या पैशांच्या हिशेबाचा : बेसेरा विरुद्ध एम्पायर हेल्थ फाउंडेशन. झेवियर बेसेरा म्हणजे बायडन सरकारचे आरोग्यमंत्री. ते या वेळी वॉशिंग्टनमध्ये नव्हते. मिसूरी राज्यातल्या सेंट लुइसला, त्या राज्यात उरलेल्या एकमेव गर्भपात क्लिनिकच्या भेटीवर होते.

सकाळी १०:१०

डॉब्स विरुद्ध जॅक्सन वूमन्स हेल्थ ऑर्गनायझेशन. सगळी मतं धरून दोनशेहून अधिक पानं. मिसिसिपीचा कायदा सहा विरुद्ध तीनने वैध, आणि रो रद्द पाच विरुद्ध चारने. न्यायमूर्ती ब्रायर, सोटोमायॉर आणि केगन यांनी एकत्र भिन्न मत लिहिलं. न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र जोडमतात एक गोष्ट नोंदवली : एखाद्या राज्याला आपल्या रहिवासी बाईला गर्भपातासाठी दुसऱ्या राज्यात जाण्यापासून अडवता येणार नाही. पुढचं सगळं त्या 'जाण्यावर' येऊन ठेपणार होतं.

भारतात संध्याकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती. आपल्या वाहिन्यांवर शिवसेनेतलं बंड, गुवाहाटीतलं हॉटेल आणि आमदारांची मोजदाद चालली होती. ह्यूस्टन, डॅलस, अटलांटा या शहरांत राहणाऱ्या मराठी मुलींच्या आयुष्यात त्या मिनिटाला काय बदललं, हे इथल्या बहुतेक घरांत त्या रात्री कुणाच्या बोलण्यातही आलं नसेल.

पुढची काही मिनिटं. सेंट लुइस, मिसूरी

अमेरिकेच्या मध्य भागातल्या घड्याळात सव्वानऊही झाले नव्हते. मिसूरीचे ॲटर्नी जनरल एरिक श्मिट यांनी निकालानंतर काही मिनिटांत ट्रिगर कायदा लागू करणाऱ्या कागदावर सही केली आणि आपलं राज्य पहिलं ठरल्याचं जाहीर केलं. बलात्कारातून राहिलेल्या गर्भालाही अपवाद नाही. गर्भपात करणाऱ्याला पाच ते पंधरा वर्षं. देशाचा आरोग्यमंत्री त्याच शहरात होता आणि त्याच्या हातात काही नव्हतं.

आता नदी ओलांडायची. मिसिसिपी नदीच्या पलीकडे इलिनॉय आणि गाडीने अर्ध्या तासाच्या आत फेअरव्ह्यू हाइट्स. इथे गर्भपाताची क्लिनिकं चालवणाऱ्या 'प्लॅन्ड पेरेंटहूड' या संस्थेने एक मोठं क्लिनिक बांधलं होतं, वर्षभर गुपचूप, दुसऱ्याच कंपनीच्या नावाने. विरोधकांनी कंत्राटदारांवर दबाव आणून काम अडवू नये म्हणून ही खबरदारी. ते ऑक्टोबर २०१९मध्ये उघडलं, म्हणजे डॉब्सच्या अडीच वर्षांहून अधिक आधी. त्याच वर्षी जूनमध्ये गव्हर्नर जे. बी. प्रिट्झकर यांनी इलिनॉयच्या कायद्यात हा हक्क मूलभूत म्हणून लिहिला होता. जानेवारी २०२२मध्ये शेजारच्या ग्रॅनाइट सिटीतल्या होप क्लिनिकबरोबर मिळून एक केंद्रही सुरू झालं. बाहेरगावच्या बाईचं तिकीट, मुक्काम, मागे राहिलेल्या मुलांना सांभाळण्याचा खर्च, याची सोय लावून देणारं.

त्या केंद्राचं महत्त्व पुरुषांना चटकन कळत नाही. अमेरिकेत गर्भपातासाठी येणाऱ्या निम्म्याहून अधिक बायकांना आधीचं एक तरी मूल असतं. तीनशे मैलांवरचं क्लिनिक गाठायचं तर आधी प्रश्न येतो तो धाकट्याला कुणाकडे ठेवायचं हा. मग कामावरची रजा, जी बिनपगारी असते. मग पेट्रोल. हक्क या सगळ्याच्या नंतर येतो. इलिनॉयने हे ओळखलं म्हणून त्या सकाळी तिथले फोन उचलायला माणसं होती. फोन मात्र इतके आले की ज्या तारखा काही दिवसांत मिळायच्या त्या पुढे आठवड्यांवर गेल्या.

सकाळ. सॅन अँटोनिओ, टेक्सास

एका क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत पेशंट बसलेल्या होत्या. टेक्सासच्या नियमाप्रमाणे एक दिवस आधी येऊन सोनोग्राफी करून गेलेल्या, सहा आठवड्यांच्या आत बसणाऱ्या, म्हणजे सगळ्या अटी पाळलेल्या बायका. वकिलाचा फोन आला : थांबा. टेक्सासचा ट्रिगर कायदा लागू व्हायला अजून वेळ होता, पण रोच्या आधीचा जुना फौजदारी कायदा पुन्हा जिवंत झाला असेल तर आज हात लावणारा डॉक्टर तुरुंगात जाऊ शकत होता. कर्मचाऱ्यांनी बाहेर येऊन त्या बायकांना सांगितलं की आज काही करता येणार नाही. दहा मिनिटं आधी नंबर लागला असता तर काम झालं असतं.

ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी आपलं कार्यालय दुपारी बंद केलं आणि २४ जून ही दरवर्षीची सुट्टी जाहीर केली.

दुपारपर्यंत

वेस्ट व्हर्जिनियाच्या चार्ल्सटनमध्ये क्लिनिकच्या बायका दिवसभर फोन करत होत्या. ठरलेली तारीख रद्द, पुढची नाही. काही जणींना रडण्यामुळे पलीकडून बोलताच येत नव्हतं. आर्कान्सा, अलाबामा, विस्कॉन्सिन या राज्यांत क्लिनिकचं काम त्याच दिवशी थांबलं. विस्कॉन्सिनमध्ये गव्हर्नर आणि ॲटर्नी जनरल दोघेही बंदीच्या विरोधात होते, तरी डॉक्टरांनी हात मागे घेतले. १८४९चा कायदा पुस्तकात होता आणि उद्या दुसरा सरकारी वकील आला तर काय, याची हमी कोण देणार? तिथला कायदा लागू नसल्याचा अंतिम निवाडा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो जुलै २०२५मध्ये, चार विरुद्ध तीनने.

आणि मिशिगनमध्ये? तिथे तसलाच जुना कायदा होता, तरी क्लिनिकं चालू राहिली. मे महिन्यातली ती स्थगिती. दोन शेजारी राज्यं, मध्ये एक सरोवर, दोन्हीकडे बायकांच्या बाजूचे गव्हर्नर आणि विरोधी विधिमंडळं. एकीकडे तारीख मिळत होती, दुसरीकडे दार बंद. फरक पाडला तो वेळेत मिळवलेल्या कोर्टाच्या एका कागदाने. नोव्हेंबरमध्ये मिशिगनच्या मतदारांनी हा हक्क थेट राज्यघटनेत घातला.

बोस्टनमध्ये गव्हर्नर चार्ली बेकर यांनी त्याच दिवशी कार्यकारी आदेश काढला : दुसऱ्या राज्यांच्या तपासाला मॅसॅच्युसेट्सचं सरकार मदत करणार नाही, इथल्या डॉक्टरांचे परवाने धोक्यात येणार नाहीत. बेकर रिपब्लिकन, म्हणजे बंदी आणणाऱ्या बहुतेकांच्याच पक्षाचे. हे मुद्दाम सांगायला हवं. सगळं पक्षावर ढकलून मोकळं होणाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्सचा तो दिवस लक्षात ठेवावा.

पॅसिफिक किनाऱ्यावर कॅलिफोर्निया, ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन या तीन राज्यांच्या गव्हर्नरांनी एकत्र जाहीरनामा काढला. कॅलिफोर्नियाचे गॅव्हिन न्यूसम यांनी त्याच दिवशी, दुसऱ्या राज्यातून लावलेल्या दिवाणी दाव्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यावर सही केली. मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांचा आदेश दुसऱ्या दिवशी आला. नॉर्थ डकोटातलं एकमेव क्लिनिक लोकवर्गणी काढून फार्गोहून रेड नदीपलीकडे, मिनेसोटातल्या मूरहेडला गेलं. काही मिनिटांचं अंतर, पण फौजदारी कायदा वेगळा.

संध्याकाळ. कोलंबस, ओहायो

संघीय न्यायाधीशाने ओहायोच्या सहा आठवड्यांच्या बंदीवरची जुनी स्थगिती उठवली. कायदा त्या संध्याकाळपासूनच लागू. तीन दिवसांनी शेजारच्या इंडियानातल्या एका डॉक्टरला फोन आला. ओहायोतली दहा वर्षांची मुलगी, अत्याचारातून गरोदर, सहा आठवडे आणि तीन दिवस. बंदीची मर्यादा तीन दिवसांनी ओलांडलेली. तिला इंडियानापोलिसला न्यावं लागलं. बातमी छापून आल्यावर मोठमोठ्या पुढाऱ्यांनी ती खोटी असल्याची शंका जाहीर बोलून दाखवली. मग आरोपीला अटक झाली. इंडियानाने ऑगस्टमध्ये स्वतःची बंदी मंजूर केली. ज्या दारातून ती मुलगी आत आली, ते दारही त्यानंतर टिकलं नाही.

१३ ते १९ ऑगस्ट २०२२. जॉर्जिया (५० ते ५६ दिवसांनंतर)

जॉर्जियात सहा आठवड्यांची बंदी २० जुलैला लागू झाली. अटलांटाजवळ राहणारी २८ वर्षांची एक आई, सहा वर्षांच्या मुलाला एकटीने वाढवणारी, दवाखान्यात सहायक म्हणून काम करणारी. तिला जुळ्यांचे दिवस होते आणि मर्यादा नुकतीच उलटली होती.

तिला नॉर्थ कॅरोलिनात तारीख मिळाली. तिथले गव्हर्नर रॉय कूपर यांनी ६ जुलैला आदेश काढून बाहेरून येणाऱ्या बायकांना आणि त्यांच्या डॉक्टरांना संरक्षण दिलं होतं. म्हणजे सरकारने आपलं काम केलं होतं. १३ ऑगस्टला पहाटे चारला उठून ती मैत्रिणीबरोबर निघाली. चार तासांचा रस्ता. वाटेत वाहतूक तुंबली आणि ठरलेली वेळ चुकली. आजूबाजूच्या बंदीच्या राज्यांतून आलेल्या बायकांनी क्लिनिक भरलेलं होतं, तिच्यासाठी जागा धरून ठेवणं शक्य नव्हतं. तिने क्युरेटिंगऐवजी गोळ्या घेतल्या आणि ती परतली. या गोळ्या सुरक्षित आहेत. क्वचित कुणाच्या गर्भाशयात काही भाग राहून जातो आणि मग साधं क्युरेटिंग करावं लागतं, जगभर रोज होणारं.

१८ ऑगस्टच्या संध्याकाळी तिला रुग्णालयात आणलं. जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. रात्र गेली, रक्तदाब खाली येत राहिला, सकाळ गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी, सुमारे वीस तासांनी, तिला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. ती टेबलावरच वारली. जॉर्जियाच्या स्वतःच्या मातामृत्यू समितीने हा मृत्यू टाळता येण्याजोगा ठरवला आणि क्युरेटिंगला झालेल्या उशिराचा त्यात मोठा वाटा असल्याचं नोंदवलं. डॉक्टर का थांबले, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलेलं नाही. जॉर्जियाच्या कायद्यात जीव वाचवण्यासाठी अपवाद आहे. पण जी प्रक्रिया आदल्या महिन्यापर्यंत निव्वळ उपचार होती आणि आता काही अपवाद सोडून फौजदारी गुन्हा झाली, तिच्याबद्दल मध्यरात्री निर्णय घेताना डॉक्टरचा हात अडखळणार, हे कायदा करणाऱ्यांना समजायला हवं होतं.

शेजारच्या राज्याचं कवच तिच्यापर्यंत पोहोचलं नाही, कारण मध्ये चार तासांचा रस्ता होता. आणि तो आदेशही पुढे पुरला नाही. मे २०२३मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळाने कूपर यांचा नकाराधिकार मोडून बारा आठवड्यांची मर्यादा आणली.

जुलै २०२२ ते जुलै २०२५. बोस्टन ते किंग्स्टन

अंतराचा हा प्रश्न मॅसॅच्युसेट्सने सर्वांत आधी हाताळला. २९ जुलै २०२२ला तिथे झालेल्या कायद्यात एक छोटी तरतूद होती. पेशंट कुठेही असली तरी मॅसॅच्युसेट्समध्ये बसून दूरध्वनीने किंवा व्हिडिओवर उपचार देणाऱ्या डॉक्टरलाही कवच मिळेल. म्हणजे टेक्सासमधली बाई घरातून हलली नाही तरी गोळ्यांचं पाकीट टपालाने तिच्याकडे जाऊ शकतं. वॉशिंग्टन, कोलोराडो, व्हरमाँट, कॅलिफोर्निया यांनी तेच केलं. न्यूयॉर्कमध्ये होकल यांनी २३ जून २०२३ला, डॉब्सला वर्ष पुरं व्हायच्या आदल्या दिवशी, सही केली. माझ्या मते या सगळ्या काळात राज्य सरकारांनी केलेलं हे सर्वांत धाडसाचं काम, कारण इतर सगळ्या उपायांत प्रवास बाईलाच करावा लागत होता.

कायदा किती टिकतो हे कोणी अंगावर आल्यावरच कळतं. जानेवारी २०२५मध्ये लुइझियानाने न्यूयॉर्कमधल्या एका डॉक्टरवर गोळ्या पाठवल्याबद्दल फौजदारी आरोप ठेवला आणि तिला ताब्यात मागितलं. होकल यांनी सोपवण्याच्या कागदावर सही करायला नकार दिला. फेब्रुवारीत टेक्सासच्या कोर्टाने त्याच डॉक्टरला १ लाख डॉलरहून अधिक दंड ठोठावला. वसुलीसाठी तो निकाल न्यूयॉर्कमध्ये दाखल व्हायला हवा होता, म्हणून टेक्सासने तो किंग्स्टन या गावी, अल्स्टर काउंटीच्या नोंदणी कार्यालयात पाठवला.

२७ मार्च २०२५ला काउंटीचे प्रभारी नोंदणी अधिकारी (क्लार्क) टेलर ब्रुक यांनी कवच कायद्याचा हवाला देऊन तो दाखल करून घ्यायला नकार दिला. जुलैत टेक्सासने तेच कागद पुन्हा पाठवले, त्यांनी पुन्हा नाकारले. त्याच महिन्यात पॅक्स्टन यांनी या क्लार्कविरुद्ध न्यूयॉर्कच्या कोर्टात खटला भरला.